जिबूती: पाच फौजांचे बंदर

जिबूतीच्या आंबूली विमानतळाला धावपट्टी एकच आहे. अदिस अबाबाहून आलेले प्रवासी विमान त्याच पट्टीवर उतरते, फ्रान्सची मिराज लढाऊ विमाने तिथूनच झेपावतात, अमेरिकी लष्कराची अवजड मालवाहू विमाने तिथेच चाके टेकवतात आणि समुद्रावर गस्त घालणारी जपानची पी-३सी विमानेही आपली पाळी येण्याची वाट बघतात. विमानतळाला लागूनच फ्रान्सचा हवाई तळ आहे, अमेरिकेचा कॅम्प लेमोनिए आहे आणि त्याच्या शेजारी जपानचा तळ. इटलीचाही एक छोटा तळ जवळपास आहे. इथून दहा-बारा किलोमीटरवर, डोराले बंदराला खेटून, चीनचा तळ. चीनने आपल्या सीमेबाहेर उघडलेला हा पहिला लष्करी तळ.

तैवानपासून व्यापारापर्यंत ज्यांचे एका गोष्टीवर एकमत होत नाही, ते अमेरिका आणि चीन इथे जपानसह एकाच गावात राहतात. त्यांची रसद एकाच शहराच्या बंदरांतून येते आणि भाडे एकाच सरकारच्या तिजोरीत जमा होते. हे सरकार आहे तरी केवढ्या देशाचे? क्षेत्रफळ सुमारे २३,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण सहा गोवे. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, म्हणजे एका गोव्याहूनही कमी. पाऊस नावापुरता, बारमाही नदी एकही नाही, शेतीलायक जमीन जवळपास शून्य. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर सहज जातो. देशाच्या मध्यावर असलेले असाल सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५५ मीटर खाली आहे. आफ्रिका खंडातली ही सर्वांत खोल जागा. त्याचे पाणी समुद्राच्या दहापट खारट. काठावर मिठाचे पांढरे पठार पसरलेले असते आणि अफार लोक पिढ्यान्‌पिढ्या उंटांवर लादून ते मीठ इथिओपियाच्या डोंगरांत नेत आले आहेत. निसर्गाने या देशाला विकण्यासारखे काय दिले, तर मीठ. आणि दुसरे, जागा.

ही जागा नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखी आहे. तांबडा समुद्र जिथे एडनच्या आखाताला मिळतो, तिथे आफ्रिका आणि अरबस्तान एकमेकांच्या इतके जवळ येतात की मधले पाणी जेमतेम तीस किलोमीटर रुंद उरते. ही बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी. पलीकडे येमेन, अलीकडे जिबूती. मुंबईहून सुएझमार्गे युरोपला निघालेल्या जहाजाला इथूनच जावे लागते, शांघायहून निघालेल्यालाही. इथली वाट बंद झाली तर संपूर्ण आफ्रिकेला वळसा घालणे आले. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हौथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा बड्या कंपन्यांची जहाजे खरोखरच केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. आपल्या सातवाहनांनी नाणेघाट ताब्यात ठेवला होता तो याच हिशेबाने: माल कोणाचा का असेना, घाट उतरायचा तर जकात आमच्याकडे भरा. जिबूतीच्या दारात घाट आहे तो पाण्याचा. फरक एवढाच की पाण्यावरून जाणाऱ्या जहाजाकडून जकात घेण्याचा हक्क जिबूतीला नाही. मग तिने घाटावर पहारा देऊ इच्छिणाऱ्यांकडून भाडे घ्यायला सुरुवात केली.

पाण्याखालीही हाच घाट आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरून युरोपकडे जाणाऱ्या समुद्री केबल तांबड्या समुद्रातून जातात आणि त्यांपैकी काही वाटेत जिबूतीला टेकतात. युरोप इंडिया गेटवे ही त्यांतली एक. पुण्यातला कोणी लंडनमधल्या सर्व्हरवरून फाइल उतरवतो तेव्हा त्या फाइलचे तुकडे या ओसाड किनाऱ्याजवळून जात असण्याची शक्यता बरीच आहे.

इथे पहिले आले ते फ्रेंच. १८६२ मध्ये त्यांनी अफार सुलतानांशी करार करून ओबोक हे नांगरवाड्याचे ठिकाण मिळवले. सुएझ कालवा खुला व्हायला तेव्हा सात वर्षे बाकी होती. समोर एडनला इंग्रज बसलेले, त्यांच्या कोळशावर आपली जहाजे चालवायची नामुष्की फ्रान्सला नको होती. पुढे ओबोक मागे पडले, आखाताच्या दक्षिण बाजूला जिबूती शहर उभे राहिले आणि तिथून इथिओपियाच्या डोंगरांकडे रेल्वे निघाली. ती १९१७ मध्ये अदिस अबाबाला पोहोचली. म्हणजे या गावाचा जन्मच मुळी दोन बड्यांच्या चुरशीतून झाला. बाकीची बरीचशी आफ्रिका १९६० च्या सुमारास स्वतंत्र झाली तरी फ्रान्सने हा कोपरा सोडला नाही. २७ जून १९७७ ला जिबूती स्वतंत्र झाली, तेव्हा ती आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची फ्रान्सची शेवटची वसाहत होती.

आता त्या दिवशी पहिले राष्ट्राध्यक्ष हसन गुलेद अप्तिदोन यांच्या डोळ्यांपुढे कोणता नकाशा असेल, याचा विचार करा. दक्षिणेला सोमालिया. त्या देशाच्या निळ्या झेंड्यावर पाच टोकांचा पांढरा तारा आहे आणि त्यातले एक टोक म्हणजे जिबूती! शेजाऱ्याने आपल्या घरावरचा दावा थेट राष्ट्रध्वजावरच काढून ठेवलेला. पश्चिमेला प्रचंड इथिओपिया, ज्याची रेल्वे याच बंदराला येऊन मिळत होती. महिनाभरातच, जुलै १९७७ मध्ये, हे दोघे ओगादेनच्या वाळवंटासाठी एकमेकांशी मोठ्या युद्धाला भिडले. घरातही सगळे आलबेल नव्हते. सोमाली वंशाचे इसा आणि अफार या दोन मोठ्या समाजांत सत्तेवरून तेढ होती. अशा वेळी नव्या देशाने जुन्या मालकालाच सैन्य ठेवून घ्यायला सांगितले. स्वातंत्र्य घेतले, पण पहारा फ्रान्सचाच राहू दिला.

मात्र एकाच पहारेकऱ्यावर भिस्त ठेवण्यातला धोका लवकरच दिसला. १९९१ मध्ये अफार बंडखोरांनी उठाव केला. गुलेद यांची अपेक्षा होती की संरक्षण करारानुसार फ्रेंच फौजा मदतीला धावतील. पॅरिसने सांगितले की हे तुमचे घरगुती भांडण आहे. मला वाटते, जिबूतीचे आजचे परराष्ट्र धोरण त्या नकारात कुठेतरी रुजले. पुढची सगळी वाटचाल पाहिली तर एक सूत्र दिसते: कोणालाच नाही म्हणायचे नाही आणि कोणा एकाचे व्हायचेही नाही. १९९९ मध्ये गुलेद यांचे पुतणे इस्माईल ओमर गुएले सत्तेवर आले आणि हे सूत्र त्यांनी धंद्याच्या शिस्तीने राबवले.

जगावरच्या प्रत्येक संकटाने जिबूतीला एक नवा भाडेकरू मिळवून दिला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेला येमेन आणि सोमालियावर नजर ठेवायला जागा हवी होती. फ्रेंच फॉरेन लीजनची एक जुनी छावणी विमानतळाच्या कडेला पडून होती. २००३ मध्ये अमेरिकी फौजा तिथे मुक्कामाला आल्या. त्याच वर्षी फ्रान्सनेही वर्षाला तीन कोटी युरो देण्याचे मान्य केले. अनेक वर्षांच्या जुन्या भाडेकरूला शेजारी नवा आल्यावर भाडे वाढवून द्यावे लागले, ते असे. २००८ च्या सुमारास सोमाली चाच्यांनी जहाजे पळवायला सुरुवात केली तेव्हा जगभरच्या नौदलांनी एडनच्या आखातात गर्दी केली. भारतीय नौदलाची गस्तही त्याच वर्षी सुरू झाली. या गर्दीतून जपान आला, इटली आली. मे २०१४ मध्ये गुएले वॉशिंग्टनला गेले, ओबामांना भेटले आणि अमेरिकेच्या कराराची मुदत वीस वर्षांनी वाढली. वार्षिक भाडे ६.३ कोटी डॉलर झाले, आधीच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथे सुमारे चार हजार अमेरिकी सैनिक आणि कर्मचारी असतात. आफ्रिका खंडातला अमेरिकेचा कायमस्वरूपी म्हणावा असा तळ हा एकच.

या छावणीच्या नावाची कथा ऐकली की इतिहासाच्या खोडसाळपणाला दाद द्यावीशी वाटते. एमिल लेमोनिए हे फ्रेंच सेनापती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत, मार्च १९४५ मध्ये, ते व्हिएतनामच्या उत्तरेला लांग सोन या ठाण्यावर होते. जपानी सैन्याने ठाणे घेतले आणि त्यांच्यापुढे शरणागतीचा कागद ठेवला. त्यांनी सही नाकारली. जपान्यांनी तलवारीने त्यांचा शिरच्छेद केला. फ्रान्सने त्यांचे नाव आफ्रिकेतल्या या छावणीला दिले. २००९ मध्ये चाच्यांविरुद्धच्या मोहिमेवर जपानची तुकडी जिबूतीला आली तेव्हा तिला सुरुवातीला आसरा मिळाला तो याच कॅम्प लेमोनिएत. २०११ मध्ये जपानने लगतच स्वतःचा तळ बांधला. युद्ध कायमचे त्यागल्याचे राज्यघटनेत लिहून ठेवलेल्या देशाचा, १९४५ नंतरचा, परदेशातला हा पहिला तळ. फ्रेंच सेनापतीचे नाव, अमेरिकेचा झेंडा आणि कुंपणापलीकडे जपानी सैनिक. कोणी कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने जुळवून आणलेले म्हणून कापले असते.

मग आला चीन. २०११ मध्ये लिबियात यादवी पेटली तेव्हा चीनला तिथून आपली सुमारे ३५ हजार माणसे बाहेर काढावी लागली होती. २०१५ मध्ये येमेनमध्ये तेच झाले. जगभर कामगार आणि पैसा पेरलेल्या देशाला दूरच्या समुद्रात पाय ठेवायला जागा हवी, हे बीजिंगने ओळखले. १ ऑगस्ट २०१७ ला, चिनी लष्कराच्या नव्वदाव्या वर्धापनदिनी, डोरालेचा तळ सुरू झाला. चीन त्याला तळ म्हणायचे टाळतो, रसद पुरवण्याची सोय म्हणतो. भाडे वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर असल्याचे सांगितले जाते, म्हणजे अमेरिकेच्या एक तृतीयांशही नाही. पण चीनने भाड्यापेक्षा मोठी रक्कम आधीच दुसऱ्या दारातून आत आणली होती. अदिस अबाबा ते जिबूती ही साडेसातशे किलोमीटरची विजेवरची रेल्वे चिनी कंपन्यांनी बांधली, पैसा मुख्यतः चीनच्या एक्झिम बँकेचा. इथिओपियातून पिण्याचे पाणी आणणारी शंभर किलोमीटरची पाइपलाइन, तीही चिनी कर्जातून. डोरालेचे नवे बंदर, २०१८ चे मुक्त व्यापार क्षेत्र, सगळीकडे चिनी हात.

शेजारधर्म सुखाचा राहिला असे नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेने चीनकडे अधिकृत तक्रार केली: जिबूतीवरून उडणाऱ्या आमच्या वैमानिकांच्या डोळ्यांवर लेझरचे झोत मारले जातात, एका मालवाहू विमानातल्या दोघांच्या डोळ्यांना इजाही झाली. चीनने साफ इन्कार केला. जिबूतीने कोणाचीच बाजू घेतली नाही. हे मौन मला फार बोलके वाटते. दोन्ही भांडणारे दरवर्षी पैसे मोजत असतील तर यजमानाने आवाज कशाला चढवायचा? पण यजमान बोलतच नाही असेही नाही. कॅम्प लेमोनिएवरून उडणारी अमेरिकी ड्रोन विमाने शहराच्या आसपास कोसळू लागली, तेव्हा २०१३ मध्ये जिबूतीने अमेरिकेला ती तिथून हलवायला लावली. ड्रोन वाळवंटातल्या शाबेले धावपट्टीवर गेली. महासत्तेला सांगून काम करून घेण्याइतका अधिकार या छोट्या देशाने राखून ठेवला आहे.

यात धोका नाही का? आहेच. परक्या फौजांमुळे शत्रूही घरापर्यंत येतात. मे २०१४ मध्ये शहरातल्या, परदेशी सैनिकांची वर्दळ असलेल्या एका उपाहारगृहात आत्मघाती स्फोट झाला. तो सोमालियाच्या अल-शबाबने केला होता. तरीही जिबूतीचा हिशेब असा की फौजांचा धोका परवडला, त्यांच्या नसण्याचा नाही. जून २००८ मध्ये एरिट्रियाने उत्तर सीमेवरच्या रास दुमेरा या टेकाडावर चकमक घडवून आणली होती. कतारने मध्यस्थी करून २०१० पासून तिथे आपले सैनिक ठेवले. २०१७ मध्ये आखाती देशांच्या भांडणात जिबूती सौदीकडे झुकली, कतारचा हिरमोड झाला आणि त्याचे सैनिक रातोरात निघून गेले. मागोमाग एरिट्रियाच्या फौजा टेकाडावर. बाजू घेतल्याची किंमत काय असते, याचा धडा महिनाभराच्या आत मिळाला. इराणचेही तेच. २०१६ मध्ये सौदीच्या मागोमाग जिबूतीने इराणशी संबंध तोडले आणि २०२३ मध्ये, सौदी-इराण समेट झाल्यावर, पुन्हा जोडले. रशियाचा आणि सौदीचा तळ होणार अशी चर्चा अधूनमधून उठते. आजवर दोघांचाही उभा राहिलेला नाही.

पण तळांच्या या झगमगाटात एक गोष्ट नजरेआड होते. जिबूतीची खरी भाकरी इथिओपियाच्या तव्यावर भाजली जाते. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा समुद्र गेला. १९९८ मध्ये त्या दोघांत युद्ध पेटले आणि एरिट्रियाचे असाब बंदर इथिओपियाला बंद झाले. तेव्हापासून इथिओपियाचा ९० टक्क्यांहून अधिक व्यापार जिबूतीच्या बंदरांतून होतो. बारा कोटींच्या देशाचे खत, गहू, इंधन, मोटारी, सगळे याच गावातून डोंगर चढते. बंदराचे हे उत्पन्न साऱ्या तळांच्या भाड्याला मागे टाकते. उलट दिशेने वीज, पाणी, भाजीपाला खाली येतो, आणि खातही.

खातची ही आवक पाहण्यासारखी असते. ही एका झुडपाची कोवळी पाने, चघळली की तरतरी येते. पण तोडल्यापासून एक-दोन दिवसांतच त्यांचा जोर उतरतो, म्हणून इथिओपियाच्या हरार भागातून ती रोज ताजी यावी लागतात. दुपारी एकच्या सुमाराला माल शहरात पोहोचतो. ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या जुड्या रस्त्याकडेच्या फळकुटांवर मांडल्या जातात. विकणाऱ्या बहुतेक बायका असतात. त्या फडक्यावर पाणी शिंपडत, जुड्या हाताने चाचपून दाखवत भाव करतात. गिऱ्हाईक पुरुष. थोड्याच वेळात शहर थंडावते, दुकाने अर्धी मिटतात आणि गालात पानांचा गोळा धरून माणसे सावलीला बसतात. माल यायला उशीर झाला की शहराचा जीव कासावीस होतो. पाच फौजांच्या उपस्थितीचा सर्वसामान्य जिबूतीकराच्या दिवसावर जितका परिणाम होत नसेल, तितका इथिओपियाच्या डोंगरातून निघालेल्या या मालाचा होतो.

म्हणूनच अदिस अबाबात समुद्राची भाषा सुरू झाली की जिबूतीचे कान टवकारतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान अबी अहमद यांनी तांबडा समुद्र हा इथिओपियाच्या अस्तित्वाचा प्रश्न असल्याचे जाहीरपणे मांडले. १ जानेवारी २०२४ ला त्यांनी सोमालियातून फुटून निघालेल्या सोमालीलँडशी किनाऱ्यासाठी सामंजस्य करार केला आणि सोमालिया खवळला. जिबूतीने तोडगा म्हणून आपले ताजुरा बंदर वापरायला देऊ केले. अखेर तुर्कस्तानने डिसेंबर २०२४ मध्ये इथिओपिया आणि सोमालियाला एका टेबलावर बसवले. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाण्याची भीती या देशाला महासत्तांच्या भांडणापेक्षा जास्त आहे, आणि ती रास्त आहे.

करारांच्या बाबतीत जिबूती साधीसुधी नाही, हे दुबईच्या डीपी वर्ल्डला विचारावे. २००६ मध्ये या कंपनीला डोरालेचे कंटेनर टर्मिनल तीस वर्षांसाठी चालवायला मिळाले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये जिबूतीने करार रद्द करून ते ताब्यात घेतले. अटी आपल्या सार्वभौमत्वाला बाधक असल्याचे कारण दिले. लंडनच्या लवादात कंपनी वारंवार जिंकली, जिबूतीने टर्मिनल परत केले नाही. पाठोपाठ अमेरिकेला घाम फुटला, कारण कॅम्प लेमोनिएची रसदही जिबूतीच्या बंदरांतूनच येते. ते टर्मिनल चीनच्या हाती गेले तर परिणाम गंभीर होतील, असे अमेरिकेच्या आफ्रिका कमांडचे प्रमुख थॉमस वॉल्डहाउसर यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्या लोकप्रतिनिधींना सांगितले.

भारताला जिबूतीची किंमत कळली ती २०१५ च्या वसंतात. येमेनवर सौदीचे बॉम्ब पडू लागले तेव्हा तिथे हजारो भारतीय अडकले होते, त्यांत परिचारिका मोठ्या संख्येने. ऑपरेशन राहत सुरू झाले. आयएनएस सुमित्राने एडनमधून पहिली तुकडी उचलली आणि जिबूतीला आणली. पाठोपाठ आयएनएस मुंबई आणि आयएनएस तर्कश आल्या. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह जिबूतीत तळ ठोकून होते. तिथून हवाई दलाची सी-१७ विमाने माणसांना घेऊन मुंबईला आणि कोचीला उतरत होती. जवळपास ५,६०० माणसे वाचली, त्यांत ९६० परदेशी होती, ४१ देशांची. त्याच दिवसांत त्याच बंदरात चिनी युद्धनौकाही आपली माणसे उतरवत होत्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये रामनाथ कोविंद यांनी राष्ट्रपती म्हणून पहिल्या परदेश दौऱ्यासाठी जिबूती निवडली. चीनचा तळ सुरू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

या सगळ्या चतुराईचे कौतुक करताना एक हिशेब विचारला पाहिजे: पैसा गेला कुठे? गुएले १९९९ पासून सत्तेवर आहेत. २०१० मध्ये घटनेतली कार्यकाळाची मर्यादा काढून टाकली गेली. २०२१ च्या निवडणुकीत त्यांना ९७ टक्क्यांहून जास्त मते पडली, आणि इतकी मते कुठल्याही देशात कोणाला पडली की मला तरी निवडणुकीची शंका येते. वृत्तमाध्यमे सरकारच्या हातात आहेत, विरोधक आणि पत्रकार तुरुंगात जातात. बेकारी प्रचंड आहे. बंदराच्या क्रेन चोवीस तास हलतात, पण त्या चालवायला माणसे थोडीच लागतात. लोकशाहीचा आग्रह धरणारे अमेरिका आणि फ्रान्स याबाबत इथे दबक्या आवाजात बोलतात. त्यांची धावपट्टी इथे आहे ना! चीन तर तो विषयच काढत नाही. स्पर्धक भाडेकरूंमुळे देशाला मोकळीक मिळाली हे खरे, पण ती मोकळीक मुख्यतः राजवाड्याच्या वाट्याला आली. शिवाय रेल्वे आणि पाइपलाइनसाठी घेतलेले कर्ज आहेच. देशाच्या बाहेरच्या कर्जाचा मोठा वाटा चीनचा आहे आणि २०२२ मध्ये जिबूतीला त्याचे हप्ते थांबवावे लागले.

तरीही आजूबाजूला पाहिले तर जिबूतीचा हात किती स्थिर आहे ते कळते. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी फ्रेंच फौजांना बाहेर काढले आणि रशियाला जवळ केले. अमेरिकेला नायजरमधला आगादेझचा ड्रोन तळ २०२४ मध्ये सोडावा लागला. चाडने फ्रान्सला जानेवारी २०२५ मध्ये निरोप दिला, सेनेगलने जुलैमध्ये. यांतल्या पहिल्या तिघांनी एक पहारेकरी हाकलून दुसरा आणला. जिबूतीने जुलै २०२४ मध्ये फ्रान्सशी संरक्षण कराराचे नूतनीकरण केले आणि चीन, अमेरिका, जपान जागच्या जागी ठेवले. आफ्रिकेत आज फ्रान्सचा मोठा तळ उरला आहे तो जिबूतीतच.

जमीन मात्र तिथली खरोखर स्थिर नाही. आफ्रिकेचे दोन आणि अरबस्तानचा एक असे पृथ्वीच्या कवचाचे तीन तुकडे या भागात एकमेकांपासून दूर सरकत आहेत. नोव्हेंबर १९७८ मध्ये असाल सरोवराजवळ आर्दुकोबा ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा भेगेच्या दोन्ही कडा काही दिवसांत मीटरभराहून जास्त लांब गेल्या. भूवैज्ञानिक सांगतात की लाखो वर्षांनी इथे समुद्र पसरेल. वीस वर्षांचे भाडेकरार करणाऱ्यांना त्याची चिंता नसावी.

या देशाने कमावलेला अनुभव कुठे उपयोगी पडतो, याचे ताजे उदाहरण अदिस अबाबात आहे. आफ्रिकी संघाचे मुख्यालय तिथे आहे. चीनने सुमारे २० कोटी डॉलर खर्चून बांधलेली आणि २०१२ मध्ये भेट दिलेली ती उंच इमारत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे संघाच्या आयोगाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. केनियाचे माजी पंतप्रधान रायला ओडिंगा यांचे नाव खंडभर गाजलेले, शिवाय पाठीशी पाच कोटींहून अधिक लोकसंख्येचा देश. त्यांच्यासमोर जिबूतीचे महमूद अली युसूफ. २००५ पासून सलग परराष्ट्रमंत्री, म्हणजे अमेरिकेशी, चीनशी, जपानशी झालेल्या बहुतेक वाटाघाटींच्या काळात पदावर असलेले. फ्रेंच, अरबी आणि इंग्रजी तिन्ही भाषांत सहज बोलणारे. मतदानाच्या सातव्या फेरीत त्यांना ३३ मते मिळाली आणि ५५ देशांच्या संघाचा कारभार गोव्याहून कमी वस्तीच्या देशातल्या माणसाकडे गेला.